दोन भांडी सुकं पीठ

आमच्या घरात गौरीचं जेवण शेवटाकडून सुरू व्हायचं. श्रावण संपत आला की एखाद्या दुपारी मोठी काकी मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची, तांदळातले खडे वेचता वेचता डोळे बारीक करायची आणि मोठ्याने म्हणायची, "साडेबाराक गवरीचा पान." झालं, तिथून ती उलटी निघायची. साडेबाराला पान, म्हणजे बाराला वडे तळायला घ्यायचे. बाराला वडे, म्हणजे पावणेबाराला तेल तापत ठेवायचं आणि त्याआधी मटणाची सागोती खाली उतरलेली हवी, कारण स्टोव्ह दोनच. सागोती साडेअकराला उतरायची तर मटण आठच्या आत घरात हवं, म्हणजे सहाला भांडुपच्या खाटकाकडे कोणीतरी रांगेत उभं हवं. "आणि ता कोणीतरी म्हणजे मीच. तुमका हाड खय आणि मांस खय ता कळना नाय." वड्यांचं पीठ पहाटे चारला मळायचं, त्याआधी नारळ किसायचे, त्याआधी आठवडाभर पीठ चक्कीवरून आलेलं हवं, त्याआधी तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. असं मागे मागे येत ती आजच्या दुपारपर्यंत, मांडीवरच्या सुपापर्यंत येऊन पोचायची आणि म्हणायची, "म्हणजे आज तांदूळ निवडूक होये." तोवर अर्धे निवडून झालेले असायचे. काकीला लिहितावाचता येत नव्हतं. घड्याळ मात्र बरोबर कळायचं. तिच्या हातात कारभार होता तोवर गौरीचं पान कधी पाच मिनिटंही उशिरा पडलेलं मला आठवत नाही.

आम्ही नाहूरला बैठ्या चाळीत राहायचो. तेव्हा तिथे स्टेशन नव्हतं, भांडुपला उतरून चिखल तुडवत यायचं आणि पाहुणा आला की आधी त्याच्या पायांवर पाणी घालायचं. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मध्ये दार पाडलेलं. एका खोलीत काका-काकी, दुसरीत अण्णा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि धाकटा सुहास. काकीला मूल नव्हतं. तिच्या खोलीत आम्ही तिचेच असल्यासारखे लोळायचो आणि आईला ते आवडायचं नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. काका गिरणीत, अण्णा एका कारखान्यात. गावचं घर बंद पडलं तेव्हा गणपती आणि गौर दोघंही नाहूरला आले आणि काकांच्या खोलीतल्या कोपऱ्यात दरवर्षी बसू लागले. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, वडे आणि सागोती. गणपतीला मात्र ते चालत नाही. म्हणून गौरीचं पान आत यायच्या आधी अण्णा गणपतीपुढे एक जुनी चादर धरायचे, तिची दोन टोकं खिळ्यांना अडकवायचे आणि मग पान यायचं. सुहास लहानपणी विचारायचा, "त्याला वास नाही येत का?" काकी म्हणायची, "येता मां! पण आवस जेवता म्हणान गप बसता. तुझ्यासारखो वचवच करना नाय." आवस म्हणजे आई; आमच्यात गौर ही गणपतीची आई.

बाकी सण काकीच्या लेखी किरकोळ होते. नारळी पौर्णिमेला नारळीभात, शिमग्याला पुरणपोळ्या, दिवाळीच्या पहाटे गोडाचे, तिखटाचे, दह्याचे असे पाच तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे. ते ती आईवर सोडायची. "त्यात काय करूचा आसा?" असं म्हणायची, आणि त्या म्हणण्यातच आईचं वर्षभराचं काम निकालात निघायचं. आई परळची, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. ती कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे यादी करायची. सकाळी सहा, अमुक. साडेसहा, तमुक. वरून खाली. काकी तिच्या यादीकडे बघून काही बोलायची नाही, फक्त पदर तोंडाला लावायची. हसत होती की नाही ते कळायचं नाही आणि आईला तेच जास्त लागायचं. गौरीच्या दिवशी आईकडे नारळ खोवणं, वाटण वाटणं आणि पानं पुसणं. एवढंच. पंधरा वर्षं तिने काकीच्या गौरीची पानं पुसली.

आता माझ्या सुनेला गौरीच्या आधी दोन दिवस फोनवर कोणीतरी फोटो पाठवतं, वडे शेकडा इतके, सागोती किलोला इतकी, आणि ती अंगठ्याने ऑर्डर देऊन मोकळी होते. मुलुंडच्या दुकानात वड्यांच्या पिठाची पाकिटंही मिळतात. लोकांना वाटतं, मला वाईट वाटत असेल. नाही वाटत. आयुष्याची पहिली अठरा वर्षं मी सणाच्या दिवशी बायकांना घामाने निथळताना पाहिलंय. त्यात डोळे पुसण्यासारखं मला काही दिसत नाही. पण पाकीट फोडून कोणी पीठ मळायला घेतलं, की मी त्या खोलीतून उठून जाते, हेही खरं.

काका गेले तेव्हा मी दहावीत होते. खोकला, मग दवाखाना, मग महिनाभरात सगळं संपलं. त्या वर्षी घरात सण नव्हता. वर्षश्राद्ध झालं, श्रावण आला, आणि काकी सवयीने सूप घेऊन उंबऱ्याशी बसली. त्याच दुपारी सांताक्रूझची आत्या आली. ही अण्णांची आणि काकांची एकुलती बहीण. काय रीत आहे आणि काय नाही हे ठरवायचा मक्ता तिच्याकडे होता, आणि तो तिला कोणी दिला होता देव जाणे. काकी "साडेबाराक गवरीचा पान" म्हणाली आणि आत्या चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "वयनी, राग मानू नको. पण गवरीचो निवेद सवाशिणीच्या हातचो होयो. आता तू त्या जेवणाक हात लावचो नाय."

अण्णा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आपला भाऊ जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांना बहिणीशी वाद घालायचा नव्हता, हे मी आज समजू शकते. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. काकी सूप तसंच धरून बसली. मग म्हणाली, "वाटण?" आत्या म्हणाली, "नको." "नारळ?" "नको गो. कित्या उगाच?" काकीने सूप आईकडे सरकवलं. "घे सुलभा. निवड." आणि उठून आपल्या खोलीत गेली. नवरा गेला तेव्हा तिने छाती बडवून घेतली होती, सगळ्या चाळीने ऐकलं होतं. या वेळी आवाज नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि दिवे लागेपर्यंत तशीच बसून राहिली. मी दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "माका काय झाला नाय गो बाय. जा, अभ्यास कर." घर तिच्या नवऱ्याचं होतं, पण मूल नाही, आता नवरा नाही. तिचं म्हणावं असं त्या घरात फक्त गौरीचं जेवण उरलं होतं. तेही गेलं.

आणि आई? लिहायला नको, पण लिहिते. आई खूश होती. तोंडावर दाखवत नव्हती. "वैनी, तुम्ही सांगा ना, मी तुमच्या हाताखालीच करते," असं एकदा म्हणालीसुद्धा. काकी म्हणाली, "तुका येता सगळा. मी काय सांगू?" आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या रात्री तिने यादी करायला घेतली आणि यादी दोन पानं झाली. वरून खाली. मी तिला यादी करताना गुणगुणताना ऐकलं. माझी आई कधी गुणगुणायची नाही. मला इतकं बरं वाटलं, की काकीच्या खोलीत त्या आठवड्यात मी मुद्दाम कमी गेले. सोळा वर्षांच्या मुलीला एका वेळी एकाच बाजूला उभं राहता येतं आणि मी माझी बाजू निवडली होती.

गौरी आल्या त्या दिवसाची गोष्ट. आमच्यात त्या दिवशी गौर तेरड्याच्या रोपांच्या रूपात घरात येते आणि संध्याकाळी तिला साधी भाजी-भाकरी दाखवतात. वडे-सागोती दुसऱ्या दिवशी दुपारी. आईने यादी अशी केली होती की दुसऱ्या दिवसाचं जेवढं होईल तेवढं आदल्या दिवशीच उरकायचं, म्हणजे सकाळी धावपळ नको. कागदावर ते अगदी बरोबर दिसत होतं. म्हणून दुपारी चार वाजता तिने वड्यांचं पीठ काढलं. मोजायला आमच्याकडे एक पितळी भांडं होतं, उभट. त्याने दहा भांडी पीठ परातीत ओतलं, म्हणजे होतं तेवढं सगळं, आणि कोमट पाण्याने मळून, मध्ये खळगा करून त्यात कांद्याची फोड आणि तेल घालून, वर ताट झाकून ठेवून दिलं. मळताना तिचे दंड चमकत होते. "बघ कसं मऊ झालंय," मला म्हणाली. "वैनी उगाच पहाटे चारला उठून सगळ्यांची झोपमोड करायच्या." मी बोट लावून बघितलं. मऊ होतं. झकास होतं.

काकी मागच्या दाराशी भाकरीबरोबरच्या भाजीसाठी शेवग्याचा पाला काढत बसली होती. भाजी-भाकरीच्या कामाला हात लावायची तिला मोकळीक होती. तिथून परात दिसत होती. मी पाणी ओतायला मागे गेले तशी तिने मला हाताने बोलावलं. आवाज हळू होता.

"पीठ आत्ताच मळल्यान?"

"हो. सकाळी घाई नको म्हणून."

"सगळा?"

"सगळं."

तिने डहाळी खाली ठेवली. "ह्या दिसांत इतको येळ ऱ्हवाचा नाय ता. आंबून सैल होतला. वडे फुगाचे नाय, तेल पितले." मग जरा थांबली. आपण काय करतोय याचा तिने विचार केला असावा. स्वतः आईला सांगायला तिला जड जात होतं. आठवडाभर "मी काय सांगू" म्हणून बसली होती ना. "असा कर. आवशीक जाऊन सांग, वयनीन सांगल्यान म्हणान. ह्यातला थोडा काढून आज भाकऱ्यो थाप, खाऊन टाकूया. आणि दोन भांडी सुका पीठ कोणाकडसून तरी मागून हाड, पलीकडच्या चाळीत परबांकडे आसात. ता सकाळी ह्यात मळून घाल म्हणा. घट्ट होतला. वाचात." मी मान हलवली. "जा बेगीन," ती म्हणाली. "राग येयत तिका, येवंदे."

मी आत गेले. आई स्टोव्हवर चहा ठेवत होती आणि पुन्हा गुणगुणत होती. मला तिला सांगायचं होतं, हे मी इथे शपथेवर लिहू शकते, निदान दाराच्या अलीकडे असेपर्यंत. पण तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता हिच्या तोंडावरचं हे जाईल. ती म्हणेल, तू तिची आहेस की माझी? आणि समजा तिने ऐकलं, वडे फुगले, तर आत्या म्हणणार, वैनीने वाचवलं. पुन्हा वैनीच. मला आई जिंकायला हवी होती. शिवाय पीठ चांगलं दिसत होतं आणि काकी फुकटची काळजी करतेय असंही वाटलं. शिवाय परबांकडे चिखलातून जायचा कंटाळा आला होता. खरं कारण यांतलं कोणतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. आई म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. चहा दे."

थोड्या वेळाने पाला घेऊन काकी आत आली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सांगलंस मां?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही म्हणाली."

काकीने परातीकडे बघितलं. ताट तसंच झाकलेलं होतं. मग आईच्या पाठीकडे बघितलं. "बरा तर," एवढंच म्हणाली, आणि पाला निवडून, धुऊन, चिरून आईच्या हाताशी ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी अठरा माणसं जेवायला होती. आत्या, तिचे यजमान, मुलं, आईचे भाऊ, अण्णांचे कारखान्यातले दोघं-तिघं. मटण चांगलं आलं, वाटण चांगलं झालं, सागोतीचा वास चाळभर गेला आणि आत्याने दारातूनच "वा गो सुलभा" म्हटलं. आईचे कान लाल झाले. अकरा वाजता तिने ताट उचललं. पीठ परातीच्या कडेपर्यंत पसरलं होतं आणि मध्ये भोकं भोकं पडली होती. आंबूस वास आला. तिने हाताला तेल लावून एक गोळा घेतला, केळीच्या पानावर थापला, तो पानालाच चिकटला. दुसरा थापला, कसाबसा सुटला, तेलात गेला, आणि तळाशी जाऊन बसला. वर आला तेव्हा चपटा होता आणि झाऱ्यावरून तेल गळत होतं. तिने आच वाढवली. मग कमी केली. मग पुन्हा वाढवली. दहा-बारा झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "शैला, सुकं पीठ आहे का गं कुठे?" डबा रिकामा होता हे तिला माहीत होतं. तिनेच रिकामा केला होता. मी परबांकडे धावत गेले. त्यांचं पीठ मळून झालं होतं. त्यांच्या घरी बारा वाजले होते.

परत आले तर आई काकीच्या खोलीच्या दारात उभी होती. काकी आत गौरीपासून लांब, कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. आईचे हात कोपरापर्यंत पिठाने बरबटलेले. "वैनी," ती म्हणाली, "पीठ बिघडलंय. काय करू?" पंधरा वर्षांत आईने काकीला असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काकीने वर बघितलं. तिचा चेहरा मला स्पष्ट आठवतो. दया नव्हती त्यात आणि आनंदही नव्हता. "माका कित्या इचारतंस?" ती म्हणाली. "माजो हात चलना नाय मां." आई तशीच उभी राहिली. मी तिच्या मागे उभी होते, तेव्हाही सांगता आलं असतं. दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि एक वाक्य. आई वळली आणि स्टोव्हपाशी गेली.

त्यातल्या त्यात बरे पाच वडे गौरीच्या पानावर गेले. घाईत अण्णा गणपतीपुढे चादर धरायला विसरले, आत्या किंचाळली, पान अर्ध्या वाटेतून मागे गेलं, चादर लागली, पान पुन्हा आलं. पाहुण्यांसाठी सुहासला बेकरीत पिटाळलं. त्याने लाद्यांवर लाद्या आणल्या आणि अठरा माणसांनी गौरीची सागोती पावाबरोबर खाल्ली. कोणी वाईट बोललं नाही, तसे सगळे पोटभर जेवले. फक्त आत्या पाव मोडता मोडता म्हणाली, "आमच्या सात पिढयेत असा झाला नाय. गवरीक वडे आणि पावण्यांक पाव." आणि मग अण्णांचा एक मित्र हसला आणि सगळे हसले. नातेवाइकांत त्या वर्षाचं नावच पडलं, पावाची गवर. पुढे लग्नाकार्यात कोणी भेटलं की आईला थट्टेने विचारायचे, "काय सुलभावैनी, यंदा पाव किती लाद्या?" आई हसायची. तिला हसावंच लागायचं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, तोंडातून काहीतरी बाहेर पडलं असतं. गौरी गेल्या, गणपती गेले आणि चार दिवसांनी काकीने अण्णांना सांगितलं, "माका एक स्टो हाडून दी. माजा मी रांदीन." अण्णांनी खूप समजावलं. ती ऐकेना. मधलं दार लावलं गेलं, नंतर त्याला कपाट टेकवलं गेलं, आणि गणपती-गौर आमच्या खोलीत बसू लागले. आई आणि काकी एकमेकींशी बोलायच्या, नाही असं नाही. नळ आलाय. पोस्टमन येऊन गेला. वीज गेली का तुमच्याकडे. एवढंच. पुढच्या वर्षी आईने पीठ पहाटे चारला मळलं आणि वडे असे टम्म फुगले की आत्यासुद्धा गप्प बसली. आई एक पान वाढून काकीच्या खोलीत घेऊन गेली. काकी म्हणाली, "ठेव थय." संध्याकाळी मी गेले तर पान तसंच होतं. तिने डाळभात करून खाल्ला होता. ती बारा वर्षं आणखी जगली आणि बारा वर्षं तिने गौरीच्या दिवशी डाळभात खाल्ला. माझ्यावर तिचा जीव होता. माझ्या लग्नात तिने तिची एकुलती सोन्याची माळ माझ्या गळ्यात घातली. मी ती घेतली. कोणत्या तोंडाने घेतली, असं आज कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते आणि आता सांगावं असं मला एकदा वाटलं होतं. पण ती मला म्हणाली, "तू माजा चेडू," म्हणजे माझी लेक, आणि मी हात धरून बसून राहिले.

आई माझ्याकडे मुलुंडला आली ती अण्णा गेल्यावर. ती नव्वदीला टेकली होती, ऐकू कमी यायचं, पण डोकं शाबूत. मागच्याच्या मागच्या वर्षी गौरीच्या दिवशी माझी सून पाकिटातल्या पिठाचे वडे करून बघत होती. गंमत म्हणून दहा-बारा, बाकीचे बाहेरून आले होते. आई खोलीत पलंगावर होती. तळणीचा वास तिच्यापर्यंत गेला असावा. मी तिला औषध द्यायला गेले तशी ती छताकडे बघत म्हणाली, "वैनीने त्या दिवशी परात बघितली होती. समोर बसली होती ना, पाला काढत. तिला कळलं नसेल का? एक शब्द बोलली असती तर. माझी अशी काय दुश्मनी होती तिच्याशी? भर पंगतीत माझी लाज जाईपर्यंत बघत बसली." हे ती पहिल्यांदा बोलत नव्हती. आयुष्यभरात दहा वेळा तरी बोलली असेल आणि दर वेळी मी विषय बदलला होता. त्या दिवशी का नाही बदलला, माहीत नाही. कदाचित ऐकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, ती बोलली होती. माझ्याजवळ निरोप दिला होता. मी तुला सांगितला नाही. आणि तिला म्हटलं, सांगितला."

तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, सगळं, परबांच्या पिठासकट. सुनेला ऐकू गेलं असेल. स्वयंपाकघरातला झारा थांबला होता.

"म्हणजे तिला वाटलं, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं," आई म्हणाली.

"हो."

"बारा वर्षं?"

"हो."

मला वाटलं होतं, ती मला बोलेल, शिव्या देईल, दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ती गेली तेव्हा मी रडले नव्हते," ती म्हणाली. "सगळ्या बायका बघत होत्या. माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. तू होतीस ना तिथे?"

"होते."

"मग तेव्हा तरी सांगायचंस."

मी हातातलं औषध उशाशी ठेवलं. ती म्हणाली, "जा, दार ओढून घे." मी दार ओढून बाहेर येऊन बसले. सून समोर येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून डोळ्यांनी विचारू लागली, मी तिला हाताने थांबवलं. आतून आधी काही ऐकू येत नव्हतं. मग आईचा आवाज आला. नव्वदीच्या बाईचा, चिरका, मोठा, "वैनी गं, अगं माझ्या वैनी," मयताच्या घरी बायका रडतात तसा. काकीला जाऊन तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.